डालग्याखालचे नाते

परसातील कुक्कुटपालन हा शब्दप्रयोग सरकारी योजनांच्या पत्रकांतून रूढ झाला असला, तरी ज्या घरांच्या अंगणात पाच-दहा कोंबड्या हिंडतात त्या घरांतील माणसे तो क्वचितच उच्चारतात. त्यांच्या लेखी कोंबड्या घरात असतात, जसा पाटा असतो किंवा रांजण असतो. या असण्याचा आवाका मात्र लहान नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कोंबडीवर्गीय पाळीव पक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी १८ लाख भरली आणि त्यांतील सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी घरोघरच्या परसांतील निघाले. २०१२च्या गणनेच्या तुलनेत व्यापारी फार्मवरील पक्षी जेमतेम साडेचार टक्क्यांनी वाढले होते, तर परसातील पक्षी सुमारे ४६ टक्क्यांनी. म्हणजे जो व्यवसाय मागासलेला म्हणून मोडीत निघाल्याचे सांगितले जात होते तोच वेगाने वाढत होता. या वाढीमागे बाजारभाव आहे, सरकारी पिल्लेवाटप आहे, गावठी अंड्याला शहरात आलेली मागणी आहे. पण परसातील कोंबडी सांभाळणे हे केवळ हिशेबाने चालणारे काम नाही, आणि हुबळी-धारवाडसारख्या अर्ध्या खेडवळ जोडशहरात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे पाहता येते.

सरकारी कागदावर हुब्बळ्ळी आणि मराठी तोंडी अजून हुबळीच असलेले व्यापारी शहर आणि तेथून सुमारे वीस किलोमीटरवरचे धारवाड यांची एकच महानगरपालिका १९६२मध्ये झाली. १९५६पर्यंत हा सारा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळे येथील जुन्या गल्ल्यांत मराठी घरे आहेत आणि त्या घरांची बोली कन्नडमध्ये पुरती भिजलेली आहे. धारवाड हे मलनाडाचा डोंगराळ, पावसाळी पट्टा आणि पूर्वेकडील काळ्या मातीचे कोरडे मैदान यांच्या सांध्यावर वसलेले गाव. जुन्या वाड्यांना आणि कौलारू घरांना मागे लांबट परसू असे, ज्याला कन्नडमध्ये हित्तल म्हणतात. त्यात शेवगा, कढीपत्ता, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ आणि ज्वारीच्या कण्या टाकण्यापुरती मोकळी जागा, एवढे असले की कोंबडीचे जग पुरे होते.

अर्थात प्रत्येक परसात कोंबडी नव्हती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य सांगितलेल्या पदार्थांत ग्रामकुक्कुट, म्हणजे गावात राहणारा कोंबडा, स्पष्टपणे आला आहे. येथील ब्राह्मण आणि लिंगायत घरे शाकाहारी असल्याने त्यांच्या परसात गाय-म्हैस दिसे, कोंबडी दिसत नसे. कोंबड्या असत त्या मराठा, मुस्लिम, कुरुब, वाल्मीकी आणि दलित घरांच्या अंगणात, आणि त्यामुळे एकाच गल्लीत कोणाच्या कुंपणापाशी कोंबड्यांचा राबता थांबतो यावरून वस्तीची सामाजिक रेघ ओळखता येई. कोंबड्यांना ती रेघ मान्य नसे, हा भाग वेगळा. शाकाहारी शेजाऱ्याच्या भाजीच्या वाफ्यात उकिरलेली माती हे येथील शेजारभांडणांचे जुने कारण आहे.

या भागात देशी कोंबडीला जवारी म्हणतात. दक्षिण कर्नाटकात तिलाच नाटी म्हणतात, महाराष्ट्रात गावठी किंवा गावरान. जवारी हा शब्द बियाण्यालाही लागतो, काकडीलाही आणि कोंबडीलाही, आणि त्यात येथे मुरलेले, खत-औषधावाचून तगणारे असा अर्थ असतो. अंड्याला दक्षिणेत मोट्टे म्हणतात, तर धारवाडकडे तत्ती. कोंबड्याला हुंज म्हणतात. कोंबडीसाठी कन्नडमध्ये कोळी हा शब्द असल्याने महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या माणसाची जी फसगत होते ती सांगण्याची गरज नाही. धारवाडी म्हशीला २०२१मध्ये राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडून स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली, आणि धारवाडी पेढ्यामुळे ही मान्यता योग्यच होती. जवारी कोंबडी मात्र अजून तशी कोणतीही ठरीव जात नसून रंगारूपांची सरमिसळ आहे. एकाच झोलातून काळी, तांबडी, कबरी, भुरी, उघड्या मानेची आणि उलट्या पिसांची अशी पिल्ले निघतात. याच विविधतेमुळे प्रत्येक कोंबडी दुरून ओळखता येते, आणि ओळखता आली की तिला नाव मिळते. ही नावे बहुधा रंगाची असतात, तांबडी, कबरी, किंवा सरळ कन्नडमधून करी आणि केंपी. पण नाव कितीही साधे असले तरी ज्या पक्ष्याला नाव आहे तो मोजणीतला पक्षी राहत नाही. फार्मवरच्या पाच हजार पांढऱ्या कोंबड्यांत हे घडणे शक्यच नाही, आणि त्याला मालकाचा स्वभाव फारसा कारण नसतो.

कोंबडी माणसाच्या घरी कशी आली याविषयीची समजूत अलीकडे पुष्कळ बदलली आहे. तिचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातील लाल रानकोंबडा होय. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, निःसंशय पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे थायलंडमधील बान नॉन वाट या स्थळी सापडलेली असून ती इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० या काळातील आहेत, असा निष्कर्ष मांडला गेला. त्या संशोधकांच्या मते कोरड्या जमिनीवरील भात आणि बाजरीवर्गीय धान्यांच्या शेतीने रानकोंबड्यांना वस्तीजवळ ओढले. म्हणजे माणसाने कोंबडी पकडून आणण्यापूर्वी ती दाण्याच्या आशेने स्वतःच दाराशी आली असावी. धारवाडच्या वाचकासाठी यात आणखी एक धागा आहे. येथून पश्चिमेला कलघटगी-दांडेलीच्या बाजूला जंगल सुरू होते आणि त्यात राखी रानकोंबडा राहतो, जो भारतीय द्वीपकल्पाबाहेर कोठेही आढळत नाही. पाळीव कोंबडीच्या पायांच्या कातडीचा पिवळा रंग लाल रानकोंबड्याकडून आलेला नसून या राखी भावंडाकडून संकरातून आला, असे २००८मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. अमेरिकेतल्या कोंबडीचेही पाय पिवळे असतील तर त्यांत असा दक्षिण भारतीय वाटा आहे.

आता मूळ प्रश्न असा की अंगणात मोकळी सुटणारी, उडू शकणारी, दिवसभर कोणाच्याही नजरेत नसणारी ही पाखरे त्या घराशी बांधलेली कशी राहतात. म्हशीला दावे असते, पोपटाला पिंजरा असतो. कोंबडीला दिवसा काहीच नसते. तिचे घराशी असलेले नाते ती दररोज संध्याकाळी परत येते एवढ्यावरच उभे आहे, आणि पाळणारीची सारी हुशारी या परतण्याची सवय लावण्यात असते. आठवडी बाजारातून, म्हणजे संतेतून, आणलेली कोंबडी म्हणूनच पहिले चार-आठ दिवस पायाला सुतळी बांधून किंवा डालग्याखाली ठेवतात. डालगे म्हणजे बांबूच्या कामट्यांची मोठी, उपडी घालता येणारी टोपली. तिच्या फटींतून कोंबडी त्या घराचा उजेड, आवाज, माणसे आणि इतर कोंबड्या पाहत राहते, तेथेच दाणे टिपते, तेथेच रात्र काढते, आणि आठवड्यानंतर डालगे उचलले की चरून फिरून त्याच ठिकाणी येते. सांज पडताच तिला निवाऱ्याची घाई होण्याला शरीररचनेचेही कारण आहे. कोंबडीच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी विपुल असून तिला माणसाला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात. परंतु अंधुक उजेडात उपयोगी पडणाऱ्या दंडपेशींच्या बाबतीत ती कमी पडते, त्यामुळे अंधारात ती जवळजवळ असहाय असते. रात्री खुराड्यात हात घालून कोंबडी अलगद उचलता येते आणि दिवसा तीच कोंबडी धरायला गल्लीतली चार पोरे लागतात, याचे रहस्य हेच.

खुराड्याशी जुळलेले हे नाते माणसापर्यंत पोचते ते आवाजातून. दाणे टाकताना को-को, ती-ती किंवा बा-बा अशी साद घातली जाते. कन्नडमध्ये बा म्हणजे ये, तेव्हा मराठी घरातल्या कोंबड्याही निदान एक कन्नड शब्द जाणतात असे म्हणायला हरकत नाही. उलट दिशेने कोंबडीची भाषा शिकावी लागते, आणि ती बरीच संपन्न आहे. निकोलस आणि एल्सी कोलियास या पक्षिअभ्यासक दांपत्याने रानकोंबड्यांचे सुमारे दोन डझन वेगवेगळे आवाज नोंदवले. पुढील प्रयोगांत असे दिसले की घारीसारख्या आकाशातल्या शत्रूसाठी एक इशारा असतो आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी वेगळा, आणि तो ऐकणाऱ्या कोंबड्या शत्रू न दिसताही त्या त्या इशाऱ्याप्रमाणे दबतात किंवा मान ताठ करून उभ्या राहतात. स्वयंपाकघरात भाकरी थापणारी बाई मागच्या कलकलाटावरून घार आली की मुंगूस हे न पाहता सांगते, तेव्हा ती हेच ज्ञान वापरत असते. अंडे घातल्यावरचा गजर तर गल्लीभर कळतो.

कोंबडी माणसे ओळखते का, हा प्रश्न ज्यांनी कोंबड्या पाळलेल्या नाहीत त्यांनाच पडतो. कळपात कोण कोणाला टोचू शकते याची एक ठरलेली उतरंड असते, आणि ती प्रथम शास्त्रीय रीतीने मांडली नॉर्वेच्या थोर्लेफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१मध्ये, लहानपणापासून कोंबड्यांच्या केलेल्या निरीक्षणांच्या आधारे. अशी उतरंड टिकायची तर प्रत्येकीने इतर प्रत्येकीचा चेहरा लक्षात ठेवणे भाग असते, आणि ज्या मेंदूला तुऱ्या-गालांवरून जातभाई ओळखता येतात त्याला दाणे टाकणारा हात आणि दगड मारणारे पोर यांतला फरक कळणे अवघड नाही. पिल्लांना लहान असताना शांतपणे हाताळले, किंवा नुसते माणसांच्या नजरेसमोर वाढू दिले, तरी मोठेपणी त्यांची माणसाविषयीची भीती लक्षणीयरीत्या कमी राहते, हेही प्रयोगांनी दाखवले आहे. पाठीवर हात ठेवताच पंख किंचित पसरून बसकण मारणारी कोंबडी पाहून पाळणारीला माया दाटून येते. वस्तुतः ती कोंबड्यापुढे दबण्याची अंडी देणाऱ्या कोंबडीची उपजत कृती आहे, आणि माणसाला तिने तात्पुरते कोंबड्याच्या जागी बसवलेले असते. हे कळल्याने माया कमी व्हावी असे मात्र काही नाही.

या नात्याचा सर्वांत दाट भाग कोंबडी खुडूक होते तेव्हाचा. बारा-पंधरा अंडी घालून झाली की जवारी कोंबडी अंडी थांबवते, अंग फुलवते, हात नेला की गुरगुरते आणि रिकाम्या जागेवरही ठाण मांडून बसते. रक्तातील प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढल्याने हे घडते. व्यापारी अंड्यांच्या कोंबड्यांत ही प्रवृत्ती निवडपैदाशीने जवळपास नाहीशी केली गेली आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारी पांढरी कोंबडी आई होणे विसरलेली असते. जवारी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी लहान अंडीच देते, पण ती उबवून पिल्ले वाढवते, आणि परसाला इन्क्युबेटर परवडत नसल्याने ही उणीवच तिचे मोल ठरते. पिल्ले नको असतील तर खुडूक मोडण्यासाठी तिला पाण्यात बुडवून काढतात; हवी असतील तर टोपलीत गवत किंवा राख पसरून दहा-बारा अंडी घालतात, सातव्या-आठव्या दिवशी अंडे उजेडासमोर धरून आत शिरांचे जाळे दिसते का ते पाहतात, वांझ अंडी काढतात आणि एकविसाव्या दिवसाची वाट पाहतात. या तीन आठवड्यांत कोंबडी दिवसातून थोडाच वेळ उठते, तेवढ्यात दाणा-पाणी, विष्ठा आणि धुळीत अंघोळ उरकते, आणि तिचे वजन घटते. तिला उठवून खायला लावणारी, पावसाची झड आली की टोपली आत घेणारी, मांजरीवर नजर ठेवणारी बाई या काळात तिच्या बाळंतपणातली सुईणच झालेली असते.

अंड्यातले पिल्लू फुटण्याच्या एक-दोन दिवस आधीच चिवचिवू लागते आणि आई त्याला उत्तर देते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत समोर हलणाऱ्या गोष्टीवर पिल्लाचा कायमचा ठसा उमटतो. या घटनेचे निरीक्षण १८७३मध्ये डग्लस स्पॉल्डिंग यांनी कोंबडीच्या पिल्लांवरच केले होते, जरी पुढे कीर्ती मिळाली ती कॉनराड लोरेन्झ आणि त्यांच्या हंसांना. आईवाचून उरलेले पिल्लू घरातल्या मुलाच्या मागे-मागे फिरते आणि ते पोर पुढे कित्येक दिवस खिशात ज्वारी घेऊन हिंडते, त्याचे मूळ येथे आहे. आईच्या बाजूने पाहिले, तर इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात २०११मध्ये झालेल्या प्रयोगात पिल्लांवर हवेचा सौम्य झोत सोडल्यावर त्यांच्या आयांच्या हृदयाचे ठोके वाढले, त्या सावध झाल्या आणि पिल्लांना बोलावू लागल्या, असे आढळले.

बंगळूरच्या हेब्बाळ येथे विकसित झालेली गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज ही सुधारित पाखरे धारवाड भागातही आली आहेत. ती जवारीपेक्षा जड असतात आणि अंडीही जवळपास दुप्पट देतात. पण त्यांच्यात खुडूकपणा फार कमी असल्याने त्यांची अंडी उबवायला पुन्हा जवारी कोंबडीच लागते. दत्तक आईला अंड्याचे कूळ कळत नाही, आणि महिन्याभरात तिच्या निम्म्या उंचीची धिप्पाड पिल्ले तिच्या पंखाखाली शिरण्यासाठी धडपडताना दिसतात.

कोंबड्यांचा हा सारा व्यवहार बहुतेक घरांत बाईच्या हाती असतो आणि अंड्यांचे पैसेही तिचेच मानले जातात. पाहुणा आला, दवाखाना निघाला, पोराची वही आणायची झाली, की पक्षी विकला जातो. नवसाचा कोंबडा मात्र विकत नाहीत. द्यामव्वा-दुर्गव्वा या ग्रामदेवींच्या जत्रेसाठी बोललेला कोंबडा वर्षभर घरचा लाडका असतो आणि त्याचे काय होणार हे सर्वांना ठाऊक असते. मंदिराच्या आवारातील पशुबळीला कर्नाटकात १९५९च्या कायद्याने बंदी आहे, तरी नवस फिटतातच. शहरी प्राणिप्रेमाला हे दुटप्पी वाटते. पण अनेक घरांत हाताने वाढवलेली, नाव असलेली कोंबडी स्वतःच्या चुलीवर शिजत नाही; ती विकून त्या पैशांत दुसरी आणतात, किंवा शेजारणीशी अदलाबदल करतात. हा दुटप्पीपणा असेलच तर त्याला आपली सीमा माहीत आहे, आणि ज्या थाळीतल्या कोंबडीला कधी नावच नव्हते तिच्यापेक्षा तो अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

नात्याची कसोटी लागते ती रोगात. कुमाऊंमधील राणीखेत येथे १९२०च्या दशकाच्या अखेरीस ओळखला गेल्यामुळे ते नाव मिळालेला विषाणुजन्य रोग मराठीत मानमोडी म्हणून ओळखला जातो, कारण त्यात मान वेडीवाकडी वळते. तो एका आठवड्यात गल्लीतली खुराडी रिकामी करतो. त्यावरची लासोटा लस पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब टाकून देता येते, पण एका कुपीत शंभराहून अधिक मात्रा असतात आणि मिसळल्यावर ती काही तासांतच वापरावी लागते, त्यामुळे आठ पिल्लांची मालकीण एकटी काही करू शकत नाही. गल्लीतल्या बायकांनी एक सकाळ ठरवून सर्वांची पिल्ले गोळा केली तरच लस परवडते. बर्ड फ्लूच्या साथीत तर सरकारी पथकेच पक्षी न्यायला येतात. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिली साथ जाहीर झाली तेव्हा फार्मबरोबर भोवतालच्या गावांतील घरगुती कोंबड्याही माराव्या लागल्या, आणि २००८मध्ये पश्चिम बंगालमध्ये बायका-मुलांनी कोंबड्या लपवल्याच्या बातम्या येत राहिल्या. साथशास्त्राच्या दृष्टीने ते चूकच होते. परंतु भरपाईचा दर पक्ष्यामागे आधीच ठरलेला असतो आणि खुडूक बसलेल्या तांबडीचा दर तो नसतो, हे पथकाला समजावणे कठीण असते.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी म्हण आहे. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३मध्ये तिची दुसरी बाजू दाखवली: कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून पहाट झाकली, तरी ते शरीरातील घड्याळावर पहाटेच आरवत राहिले. या आरवण्याला भारतीय विद्येत एक मानाचे स्थान आहे, कारण पाणिनीच्या ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत या स्वरभेदांचे सूत्र उकारावर रचलेले असून तो कोंबड्याच्या चढत्या आरवण्यावरून घेतला, असे परंपरेने सांगितले जाते. संगीतासाठी प्रसिद्ध असलेल्या धारवाडच्या नव्या वसाहतींत मात्र पहाटेचा प्लुत स्वर ही तक्रारीची बाब झाली आहे. परसू विकून तेथे तीन मजली इमारत उभी राहते, उरलेल्या फरशीवर कोंबडीला उकिरायला माती नसते, आणि गच्चीवर जाळीच्या खोक्यात ठेवलेल्या दोन-तीन कोंबड्यांना परतण्यासाठी कोठे जाताच येत नाही.

जुन्या गल्ल्यांत अजून सांजवेळी खुराड्याचे दार लावण्यापूर्वी मोजणी होते, आणि ती आकड्यांनी होत नाही; करी आली, कबरी आली, भुरी कोठे आहे, अशी होते. तीन-चार वर्षांची, अंडी आटलेली कोंबडी याच मोजणीत टिकून राहते, कारण पिल्ले वाढवायला तिच्यासारखी खात्रीची दुसरी नसते. विकायची वेळ आलीच तर कोंबडी शक्यतो त्याच गल्लीत विकत नाहीत. विकलीच, तर दिवेलागणीला ती जुन्या खुराड्यापाशी येऊन उभी राहते. नवी मालकीण डालगे घेऊन तिला न्यायला येते, आणि मधल्या वेळात तिने जुन्याच जागी अंडे घातले असेल तर ते कोणाचे, यावर दोन घरांत थोडी बाचाबाची होते.